मेली की बसली

एकोडी गावात कोणी "बॅटरी मेली" म्हणालं, की प्रतिक्षा मेश्राम त्याला तिथंच अडवते. "मेली का बसली, ते पहिले सांगा. मयताची बातमी अशी खात्री न करता सांगत नसतात."

माणसं हसतात. हसोत बापडी. पण या दोन शब्दांत केवढं अंतर आहे, हे धान पिकवणाऱ्याला कोणी शिकवायची गरज नाही. चिखलणीच्या दिवसांत जुंपलेला बैल एखाद्या वेळी भर बांधीत, धानाच्या खाचरात, गुडघाभर गाळात फतकल मारून बसतो. शेपटी पिरगाळा, नाहीतर पाया पडा, तो हलत नाही. म्हणून त्याला कोणी मेला म्हणतं का? बसला म्हणतात. बसलेल्याला उठवायचं असतं, मेलेल्याला उचलायचं असतं. इतकी साधी गोष्ट. तरी साकोलीचा कैलाश सेठ वर्षानुवर्षं बसलेल्याला मेलेलं ठरवत आला, आणि सगळा तालुका मान डोलवत राहिला.

कैलाशचं बॅटऱ्यांचं दुकान हायवेला लागून. प्रतिक्षा त्याच्याकडे काउंटरवर होती. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा कोर्स करून बाहेर पडली, पण मुलीला खांबावर चढवायला कोणी तयार होईना, म्हणून इथं लागली. दुकानात ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या यायच्या, इन्व्हर्टरच्या यायच्या, पण खरी गर्दी झटका मशीनवाल्यांची. जंगल लागून आहे. धान निसवलं, लोंबीत दूध भरलं, की रानडुकरांचे कळप उतरतात. खातात कमी आणि लोळतात जास्त. म्हणून शेताभोवती तार, तारेला झटका मशीन आणि मशीनला बॅटरी. डुकराचं नाक तारेला लागलं की असा झटका बसतो, की ते मरत नाही, पण पुन्हा त्या बाजूला फिरकतही नाही. बॅटरीत दम नसला, की तीच तार नुसती कपडे वाळत घालायच्या कामाची.

शेतकरी खांद्यावर बॅटरी घेऊन यायचा. कैलाश तांब्याच्या तारेचा एक तुकडा दोन्ही टोकांना टेकवून चिंगारी पाहायचा. चिंगारी कशीही उडो, कैलाशचा चेहरा ठरलेला. जीभ टाळूला लावून च्च करायचा आणि म्हणायचा, "मेली." मग प्रतिक्षानं म्हणायचं, "एक्सचेंजमध्ये टाका, काकाजी." नवी बॅटरी खांद्यावर, जुनी मागच्या खोलीत. त्या खोलीला कायम कुलूप असायचं.

त्या वर्षी हिरालाल, म्हणजे प्रतिक्षाचा बाप, आपली बॅटरी घेऊन आला. तिच्यावर निळा पट्टा होता. दुसऱ्याच्या बॅटरीशी अदलाबदल होऊ नये म्हणून विहार रंगवून उरलेल्या रंगानं प्रतिक्षाच्या आईनं, तुळसानं, तो ओढलेला. कैलाशनं चिंगारी पाहिली, च्च केलं. प्रतिक्षानं बापाला सांगितलं, "टाका एक्सचेंजमध्ये, बाबा." बापानं मुकाट्यानं टाकली. लेक सांगते आहे म्हटल्यावर तो कशाला शंका घेईल?

आणि मग कैलाशला लाखांदूरला एका तेरवीला जावं लागलं. बॅटरीच्या पाण्याचे कॅन मागच्या खोलीत होते, म्हणून जाताना तो चावी ठेवून गेला.

प्रतिक्षानं कुलूप काढलं आणि ती दारातच थांबली. सगळ्या मेलेल्या बॅटऱ्या तिथं रांगेनं मांडलेल्या होत्या. बुचं उघडी, अंगाला लाल-काळ्या वायरी, आणि एक मशीन घूं घूं करत त्यांना भरवत होतं. पलीकडे भरून झालेल्या, पुसून, नवीन स्टिकर लावून विकायला तयार. आणि कोपऱ्यात, आपली पाळी यायची वाट पाहत, निळ्या पट्ट्याची.

तिच्या अंगाची लाही लाही झाली. सेठनं लोकांना फसवलं ते एक, पण बापाला फसवायला त्यानं तिचंच तोंड वापरलं होतं.

दुसऱ्या दिवशी कैलाश आला तेव्हा ती बॅटरी काउंटरवर ठेवून उभी होती.

"सेठ, हे मेली होती ना?"

कैलाशनं मागच्या दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. लाजला असता तर तो कैलाश कसला? "धंदा आहे, प्रतिक्षा. उठवाले मेहनत लागते, मशीन लागते. फुकटात होते का?"

"मंग उठवाचे पैसे घ्या ना. मेली म्हणून कायले सांगता?"

"बसली म्हणून सांगतलं तं नवी कोण घेईन?"

बघा, शब्द त्यालाही माहीत होता. चांगला माहीत होता. प्रतिक्षानं बॅटरी कमरेवर घेतली. "माहा या महिन्याचा पगार राहू द्या तुमच्यापाशी. हे बाबाची आहे, नेऊन राहिली."

"पाण्यात राहून मगरीसंगं वैर करून राहिली तू," कैलाश मागून म्हणाला. "पस्तावशीन."

एसटीच्या कंडक्टरनं बॅटरी पाहून हात आडवा केला. तेजाबाचं सामान गाडीत चालत नाही म्हणे. त्याचंही बरोबरच होतं, पण त्या दिवशी प्रतिक्षाला कोणाचं बरोबर ऐकायचं नव्हतं. त्याला चार शब्द सुनावून ती फाट्यावर बॅटरीवरच बसून राहिली, आणि एकोडीकडे जाणारा ट्रॅक्टर आला तेव्हा ट्रॉलीत चढली.

घरी स्वागत झालं ते असं. तुळसा म्हणाली, "नोकरी सोडली अन् भंगार आणलं." हिरालाल म्हणाला, "देऊन टाकलेलं परत काहून आणलं?" आणि आठवड्याभरात साऱ्या गावानं एक वाक्य तयार केलं: हिरालालची पोट्टी घरी बसली. मुलगा असता तर म्हणाले असते काम शोधून राहिला. मुलगी ती, बसलीच.

बसू द्या. बसल्या बसल्या तिनं काय केलं ते ऐका.

भंगारवाल्याकडून एका जळक्या इन्व्हर्टरचा ट्रान्सफॉर्मर आणला. डायोड, रिले, मीटर असं सटरफटर जमवलं. ट्रॅक्टरच्या हेडलाइटचा एक बल्ब मिळवला. आणि हे बसवायचं कशात, म्हणून घरात शोधता शोधता तिच्या हाताला लागली बापाची पत्र्याची पायली, धान मोजायची. कडेला पोचा आलेली, पण घट्ट. पायली पाहून ती स्वतःशीच हसली. खळ्यावर धानाचा ढीग पाहून माल किती ते कोण सांगतं? ढीग फसवतो. पायली लावली की कळतं. कैलाशची चिंगारी म्हणजे तो ढीग. चिंगारी मरणाऱ्या बॅटरीतूनही उडते. खरा दम कळतो तो ओझं टाकल्यावर. तिनं पायलीला आतून सायकलच्या ट्यूबचं रबर लावलं, तोंडाशी बल्ब बसवला, बाजूला मीटर आणि दोन चिमटे. चिमटे लावायचे, बल्ब पेटवायचा आणि आकडा पाहायचा. जागेवर टिकला तर दम आहे. धपकन खाली आला तर नाही.

हे झालं तपासायचं. भरायचं मशीन त्याहून खट्याळ निघालं. पहिल्या दिवशी आईशी भांडता भांडता तिनं लाल वायर काळीच्या जागी लावली. फट् असा आवाज झाला आणि डायोड गेले. तुळसानं झाडू उचलला, तो धुरासाठी की लेकीसाठी हे आजवर ठरलेलं नाही. नंतर मशीन चाललं, पण थांबेचना. बॅटरी खदखदायला लागली, सडक्या अंड्यांचा वास साऱ्या आळीत पसरला, आणि शेजारची सुंदरबाई नाकाला पदर लावून विचारायला आली, की काय मेलं.

"काही मेलं नाही, काकू," प्रतिक्षा दात-ओठ खात म्हणाली.

तुळसा चुलीपाशी बसून हे पाहत होती. तिला विजेतलं ओ की ठो कळत नाही, पण माणसं जेवू घालण्यात जन्म गेला. ती म्हणाली, "तू तिले एकदम पंगतीत बसवून राहिली. उपासानं लांगनं पडलेल्या मानसाले पयले पेज पाजते. थोडी थोडी. अन् पोट भरलं का ताट उचलाचं. तू वाढतच राहशीन तं उलटी होईलच ना, माय."

प्रतिक्षा उठली. भरायच्या वायरीत मधे एक बल्ब टाकला, म्हणजे करंट बारीक धारेनं जाईल, पेजेसारखा. रिले नीट बसवली, म्हणजे बॅटरी भरली की टक्क करून ताट उचललं जाईल. दारं-खिडक्या उघड्या ठेवल्या. बॅटरीचं पाणी घातलं. आणि निळ्या पट्ट्याच्या बॅटरीला ती कित्येक दिवस पेज पाजत राहिली. आधी पायली लावली की बल्ब डोळे मिटायचा. मग तांबूस जळायला लागला. आणि एका सकाळी असा लख्ख पेटला आणि पेटलेलाच राहिला, की हिरालाल अंगणातून आत आला.

"हे तं मेली होती."

"बसली होती, बाबा. तुम्हीच बसवली. धान कापल्यावर काय करता हिचं?"

"माळ्यावर ठेवतो. सारा पावसाळा राबते बिचारी, तं आराम देतो."

"भरून ठेवता का?"

"आरामाले ठेवली तं भराचं कायले?"

इथंच साऱ्या गावाचं चुकत होतं, आणि चूक मायेपोटी होती. हंगाम संपला की एकोडीतला प्रत्येक जण बॅटरी काढायचा, पुसायचा, फडक्यात गुंडाळायचा आणि रिकाम्या पोटी माळ्यावर टाकायचा. आठ-आठ महिने. मग पुढच्या भादव्यात ती उठेना, की खांद्यावर टाकून कैलाशकडे.

"बैलाले आराम देता तेव्हा धानाचं तनिस टाकता का नाही कोठ्यात?" प्रतिक्षानं विचारलं.

हिरालाल बॅटरीवरून हात फिरवून म्हणाला, "उपाशी ठेवली म्हना ना." त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

गोष्ट गावभर झाली. लोक बॅटऱ्या आणू लागले. खोटं ती कोणालाही सांगत नसे. एखादीचा खण, म्हणजे आतला सेल, गेलेला असला की स्पष्ट म्हणायची, "हे मेली. नवी घ्या." पण बहुतेक बसलेल्याच असत. कैलाशनंही मग बोलायला सुरुवात केली. पोरीनं भरलेली बॅटरी फुटते, तेजाब डोळ्यांत जातं, घर जळतं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या.

खरा पेच आला तो तुलाराम काकाजींचा. तुलारामचं शेत जंगलाला अगदी खेटून, आणि मागच्या वर्षी डुकरांनी त्याचं अर्धं धान लोळून सपाट केलेलं. कैलाशनं त्याची बॅटरी मेली ठरवलेली. प्रतिक्षानं ती पेज पाजून उठवली होती, पण तुलारामचा जीव खालीवर. गावातल्या चहाच्या टपरीवर तो प्रतिक्षाला म्हणाला, "बाई, या बॅटरीनं दगा देलन तं मी तारेत लाइनचाच करंट सोडतो. मंग डुक्कर मरो का मानूस मरो."

"असं काही करू नोका, काकाजी. मागं त्यानंच मानूस मेलं आहे बाजूच्या गावात."

नेमका त्याच वेळी कैलाश तिथं होता. तुलारामला नवी बॅटरी खपवायलाच आलेला. त्यानं चहाचा घोट घेतला आणि साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ते बॅटरी आजची रात बी काढणार नाही. काढली तं मी दुकानात हिची पायली ठेवतो, अन् गिऱ्हाइकासमोर लावल्याबिगर मेली म्हणत नाही. अन् नाही काढली तं हिनं उद्यापासून माह्या काउंटरवर यावं. मुकाट्यानं."

सगळे प्रतिक्षाकडे पाहायला लागले. काउंटरवर परत जायचं म्हणजे पुन्हा त्याच तोंडानं लोकांना मेली, मेली सांगायचं. त्यापेक्षा तिला जीभ कापून द्यायला सांगितलं असतं तर परवडलं असतं. आणि बॅटरी म्हातारी होती, हे तिला ठाऊक होतं. पायलीवर टिकली होती, पण एक खण जरा हलका वाटत होता. नाही म्हणायला जागा होती. तिनं ती घेतली नाही.

"कबूल," ती म्हणाली. "काकाजी, सांजच्याले तुमच्या शेतावर येते, मीच जोडून देते."

जोडून दिली. मशीन टिकटिक करायला लागलं. घरी आल्यावर ती जेवली नाही. तुळसानं आग्रहही केला नाही.

सकाळी दव सुकायच्या आत ती शेताकडे निघाली. मागून हिरालाल. दुरूनच तिला दिसलं: शेताच्या धुऱ्यावर तुलाराम बसलेला होता, मांड्यांत हात घालून, मान खाली. पाय ओढत ती जवळ गेली. धानाकडे पाहायची हिंमत होईना.

"काकाजी," ती म्हणाली. "काय झालं?"

तुलारामनं मान वर केली. चेहरा पांढराफटक. "पाहाले गेलो."

"काय पाहाले?"

"चालू आहे का नाही ते. तारेले हात लावून पाहलो." त्यानं उजवा हात मांड्यांतून काढून झटकला. "अवं बाई, कोपरापर्यंत मुंग्या आहेत अजून. तवापासून बसूनच आहो."

हिरालालला हसू आवरेना. प्रतिक्षानं तारेकडे पाहिलं. तारेच्या बाहेर ओल्या मातीत खुरांचा नुसता चिखल झालेला. कळप आला होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला होता, एका ठिकाणी खूर अगदी तारेला भिडले होते आणि तिथूनच उलटे जंगलाकडे पळत गेले होते, लांब लांब ढांगा टाकत. तारेच्या आत धानाची एक काडी वाकलेली नव्हती. तिनं मशीनजवळ जाऊन पायली लावली. बल्ब पेटला. आकडा जागेवर राहिला. मग ती तिथंच धुऱ्यावर, तुलारामच्या शेजारी बसली आणि ढसाढसा रडली, आणि कोणी विचारायच्या आत म्हणाली, "रडत नाही आहो मी."

ती बॅटरी धान कापेपर्यंत चालली. कापणी झाल्यावर तुलारामनं ती आधी प्रतिक्षाकडे आणून पोटभर भरून घेतली, मगच माळ्यावर ठेवली.

आता तुम्ही म्हणाल, कैलाशनं शब्द पाळला असेल. पाळतो कसला. प्रतिक्षा पायली घेऊन दुकानात गेली, तर म्हणाला, "अवं, चहावरची गोष्ट ते. मजाक केलो होतो."

"मजाक," प्रतिक्षा म्हणाली. एवढंच म्हणाली आणि निघून आली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी कैलाशनं शटर वर केलं, तर समोर, रस्त्याच्या पलीकडे, कडुलिंबाखाली एक टेबल मांडलेलं. टेबलावर पोचा आलेली पायली. टेबलामागं खुर्ची टाकून प्रतिक्षा. शेजारी तुलाराम हातवारे करून येणाऱ्या-जाणाऱ्याला मुंग्यांची गोष्ट सांगतो आहे, आणि दर खेपेला कळप मोठा होतो आहे. दुपारपर्यंत खांद्यावर बॅटऱ्या घेतलेली माणसं झाडाखाली उभी राहिली. कैलाशच्या दुकानाकडे ती पाठ करून होती.

प्रतिक्षा एकेकाला पायली लावत होती. "बसली. ठेवून जा, उठवून देते." "हे बी बसली." एका म्हाताऱ्याच्या बॅटरीला चिमटे लावल्यावर बल्ब पेटलाच नाही. तिनं बुचं उघडून आत पाहिलं आणि मान हलवली. "हे मेली, बाबाजी. खण गेला हिचा. सेठच्या दुकानातून नवी घ्या, समोरच आहे."

म्हातारा रस्ता ओलांडून नवी बॅटरी मागायला आला, तेव्हा कैलाशच्या डोक्यात काही तरी तुटलं. घरबसल्या गिऱ्हाईक मिळालं होतं खरं, पण कोणी पाठवलं ते त्याला सोसेना. तो तरातरा रस्ता ओलांडून आला.

"हे काय लावलं? उठ."

प्रतिक्षानं चिमटा काढला, पुसला.

"ऐकू येऊन नाही राहिलं का? माह्या दुकानासमोर नाही चालणार हे. उठ म्हणतो ना."

तुलारामचे हातवारे हवेतच थांबले. प्रतिक्षानं खुर्ची आणखी पुढं ओढली, पायली टेबलावरून उचलली आणि दोन्ही चिमटे कैलाशच्या पुढ्यात धरले.

"नाही उठत," ती म्हणाली. "बसली आहो, सेठ. मेली नाही. खात्री नसंन तं लावून पाहा."